रेडकाचा सोमवार

सोमवारी पिरामामाचा दुधाचा कॅन गोठ्याच्या भिंतीवर उपडा असायचा. वार बघायला आमच्या गल्लीत कुणी कॅलेंडरकडं जात नव्हतं. कॅन उपडा दिसला की सोमवार, आणि सोमवार असला की दुपारची धार नाही, हे ठरलेलं. म्हणून एका सोमवारी दुपारी भिंतीपलीकडनं भांड्यात 'सर्र… सर्र…' असं पडायला लागलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. मी खिडकीतनं बघितलं. कॅन उपडाच होता. धार मात्र चालली होती.

पण ते पुढं. आधी मामांचं सांगतो. (मी पोरगीच आहे. कोल्हापूरच्या पोरी 'सांगतो', 'येतो' असंच बोलतात. लिहिताना तेवढ्यापुरतं पुण्याचं व्हायला मला जमणार नाही.)

पिराजी गवळी म्हणजे आमचे शेजारी, आख्ख्या गंगावेशीचे पिरामामा. उंचीला बेताचे, पण मनगट असं की बांगडीवाल्यानं लांबनंच नमस्कार करावा. आठवड्यातले सहा दिवस, धार सोडली तर, मामांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. उजाडायच्या आत त्यांचा खोकला सुरू. तो मला हुबेहूब काढता येतो. आधी दोन छोटे, पायऱ्या चढल्यासारखे, मग एक मोठा, दार आपटल्यासारखा. एकदा मी तो उगीच खिडकीतनं काढला, तर गोठ्यातल्या पाचही म्हशी उठून उभ्या राहिल्या आणि चिमणामामी, म्हणजे मामांची बायको, चहाला आधण ठेवायला पळाल्या. मामा झोपलेलेच होते. नंतर मामी मला म्हणाल्या, "मुडद्याऽऽ, म्हशीला फसवू नगंस. तिचा समदा जीव कानात असतोय." मी मामींचा तो 'मुडद्याऽऽ' पण तिथल्या तिथं काढून दाखवला. त्या हसल्या. तेव्हा सगळेच हसत होते.

खोकल्यानंतर शेण, वैरण, आंबोण. मग म्हशी आणि रेडकं घेऊन मामा दूधकट्ट्यावर. गिऱ्हाईक समोर उभं, त्याच्या देखत धार काढायची आणि फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा. "पावणं, मिशी पुसून जावा, न्हायतर घरात वळखायची न्हाईत." परत यायचं, म्हशी धुवायच्या, दुपारी पुन्हा धारा, संध्याकाळी ते दूध कॅनमधनं पुन्हा कट्ट्यावर. जेवणसुद्धा उभ्यानं. भाकरीचा तुकडा एका हातात, दुसऱ्या हातात दावं.

आणि सोमवारी हाच माणूस उन्हं वर येईपर्यंत बाजल्यावर आडवा.

गवळ्यांच्या जुन्या घरांतनं ही चाल होती. आठवड्यातला एक वार रेडकाचा. त्या दिवशी दूध विकायचं नाही. रेडकं मोकळी सोडायची, पोट फुगेपर्यंत पिऊ द्यायची. सकाळी त्यांचं पिऊन उरलेल्या चार धारा मामी काढणार, त्याही गल्लीतल्या पोरांना फुकट. मी त्यावरच वाढलो. मग मामा-मामी बसनं कोडोलीला मामांच्या बहिणीकडं जाणार, दिवसभर चिंचेखाली पडून राहणार आणि दिवेलागणीला परत येऊन रेडकं पुन्हा सोडणार. "घरात बसलं की हात आपोआप धारंला जातोय," मामा म्हणायचे, "म्हणून लांब जायचं."

सोमवारचे त्यांचे नियम तीन. धार न्हाय, भांडण न्हाय, बंडल न्हाय. बंडल म्हणजे थाप. बाकीचे सहा दिवस मामा गिऱ्हाइकाला वाटेल ते सांगतील, पण सोमवारी त्यांच्या तोंडातनं खोटं निघणार नाही. त्यामुळं सोमवारी मामांना कुणी "कसा दिसतोय?" असं विचारायचं नाही. नवा शर्ट घालून तर अजिबात नाही.

बाकीच्या गवळ्यांनी हा वार एकेक करून सोडला. मामांनी सोडला नाही, कारण त्यांच्या वडिलांनी एक वाक्य ठेवलं होतं. ते सांगताना मामांचा आवाज बदलायचा, विहिरीत वाकून बोलल्यासारखा व्हायचा. "रेडकाचा वार इकशील, त्या वर्सी गोठ्यात रिकामं दावं लोंबंल." मी हे वाक्य कितीदा तरी त्याच आवाजात म्हणून पोरं घाबरवली आहेत. आता म्हणत नाही.

पाच म्हशींत काशी म्हणजे मामांचा जीव. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. गवळी पुढं मोटारसायकल मारतो, सायलेन्सरचा फाडफाड आवाज काढतो आणि त्याची म्हैस गर्दीतनं फक्त त्या आवाजामागं पळत जाते. शंभर गाड्या गुरगुरत असल्या तरी काशी मामांच्याच गाडीमागं लागणार. शिंगांना मोरपिसं, पायात चाळ, डोळे अर्धे मिटलेले, कान मात्र पुढं. ती बघत नाही, ऐकते. मामा म्हणायचे, "काशीच्या कानात पडलं ते काशीचं झालं."

ज्या वर्षाचं हे सांगतो, त्या पाडव्यानंतर काशी व्याली आणि रेडी झाली. मामांनी पेढे वाटले.

आता ऋतुराज. मामांचा एकुलता एक, वय चोवीस. मी त्याला ऋतुदादा म्हणतो. वाईट पोरगा नाही, हे आधीच लिहून ठेवतो. मामांबरोबर पहाटे उठायचा, दुपारची धार त्याच्याकडंच असायची. त्याचं बोलणं फास्ट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'विषय संपला'. त्यानं कोपऱ्यावर लस्सीचं दुकान टाकलं होतं आणि ते चालायलाही लागलं होतं. फक्त सोमवारी शटर खाली.

"आबा, सोमवारी गिऱ्हाईक येऊन मागारी जातंय. परत त्ये येतच न्हाय."

"येऊंदे न्हायतर जाऊंदे."

"बाकीच्या म्हशींचं ऱ्हाऊंदे. एकट्या काशीचं द्या. विषय संपला."

"काशीच्या रेडकाला इचार. देतो म्हणलं तर काढ."

"आबा, त्ये काय बोलतंय व्हय?"

"मग विषय संपला," मामा म्हणाले. हुबेहूब त्याच्याच सुरात. मी भिंतीपलीकडं हसून हसून आडवा.

आता म्हशीची एक गोष्ट अशी की रेडकू जवळ आल्याशिवाय, त्यानं हुंदडून कासेला ढुसण्या दिल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. माणसानं कितीही ओढलं तरी सड कोरडे. आणि एकदा रेडकू लावलं की ते आपला वाटा पिणारच. मामांचा सोमवार या एका गोष्टीवर उभा होता. दूध आधी त्याचं, मग आपलं.

ऋतुदादानं त्यातनं वाट काढली. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी काशीचं रेडकू भुकेनं रेकत होतं, ते त्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. मी खिडकीत होतो. "दादा, रील करायलायस?" त्यानं नुसता अंगठा दाखवला. नेमकी त्याच वेळी गल्लीतनं बाळासोकाकांची रिक्षा गेली. बाळासोकाका आमच्या समोर राहतात. त्यांच्या रिक्षाचा हॉर्न सगळ्या कोल्हापुरात वेगळा, 'पीं-पीं-पॉंऽऽ', शेवटचा पॉं सर्दी झाल्यासारखा. म्हणजे रेकॉर्डिंग झालं असं: "ॲंऽऽर्र… पीं-पीं-पॉंऽऽ… ॲंऽऽर्र."

त्यानंतरच्याच एका सोमवारी मामा-मामी कोडोलीला गेल्यावर मी ती धार ऐकली. धारेच्या आधी रेडकू रेकलं होतं. मग काकांचा हॉर्न. मग पुन्हा रेडकू. थोड्या वेळानं परत तेच, त्याच क्रमानं. आता, जिवंत जनावर एकसारखं दोनदा रेकत नाही. माणूससुद्धा एकच शिवी दोनदा सारखी देत नाही, म्हणून तर नकला करायला मजा येते. हे मात्र केसाचाही फरक न पडता तेच होतं. मी भिंतीला कान लावून ऐकत राहिलो.

तिसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा दुसऱ्या टोकाकडनं खरं रेडकू ओरडलं. लांब, मागं कुठंतरी बांधलेलं. त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता.

काशीनं पान्हा कुणासाठी सोडला, ते सांगायला नको. दादाचं नाव घ्यायला नको, म्हणून मामांना मी ते बोललो नाही.

एकदा जमलं म्हटल्यावर सोमवारपुरतं राहिलं नाही. दुपारची धार ऋतुदादाचीच. रेडकू लावायची कटकट नाही, त्याचा वाटा नाही, काशी मोबाईलवरच ओघळायला लागली. रेडकाला सकाळी मामांच्या हातनं जे मिळेल तेवढंच. दुपारी सोडलं तर कास रिकामी. ते ढुसण्या देत राहायचं आणि पुढं पुढं काशीच त्याला पायानं सारायला लागली. तिचं रेडकू तिच्या कानात होतं. हे खाली धडपडणारं कोण, असं तिला झालं असावं.

रेडकू वाळायला लागलं. बरगड्या, मग पाठीचा कणा, मग नुसते डोळे.

मामा चक्रावले. "सोमवारी पोटभर पितंय, तरी वाळतंय कसं?" जंताचं औषध झालं. ते लागू पडेना तेव्हा मामांनी दृष्ट काढली, रेडकाच्या गळ्यात काळा दोरा आणि बिब्बा बांधला आणि गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची. बाहेरनं काही आत येऊ नये म्हणून. मामी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "कुणाची लागली आसंल वो?" मामांनी गल्लीतली एकेक तोंडं आठवली. कट्ट्यावरच्या दोन गवळ्यांशी बोलणं बंद केलं. बाळासोकाकांकडं पण आठवडाभर संशयानं बघितलं, कारण काकांनी एकदा "काशी काय चमकायलीय मर्दा!" असं म्हटलं होतं. लिंबू दारावर सुकत राहिलं. जे व्हायचं ते दाराच्या आत होत होतं.

शिमग्याच्या आधी एका शुक्रवारी सकाळी रेडकू उठलंच नाही.

ऋतुदादानं त्याला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. इतकं हलकं होतं की ओझ्यानं तो वाकलासुद्धा नाही. ऋतुदादाचं तोंड पांढरं पडलं होतं. मामा दाराशी उभे होते. ते रेडकाकडं बघत नव्हते. आत, जिथं ते बांधायचे तिथं खुंटीवरनं दावं लोंबत होतं. रिकामं.

"आबा…" ऋतुदादा म्हणाला.

"मी वार मोडला न्हाय," मामा म्हणाले. त्याला नाही, दाव्याला. "एक बी सोमवार मोडला न्हाय मी. मग कसं?"

ऋतुदादा रेडकू घेऊन टेम्पोकडं गेला.

त्यानं त्याच दुपारी खरं सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. पण दुपारी काशीच्या धारेची वेळ झाली आणि रेडकू मेलेली म्हैस धार देत नाही, कास तटून दगड होते, हे सगळ्या गवळ्यांना माहीत. मामा घाबरले होते. ऋतुदादा म्हणाला, "आबा, तुम्ही बाहेर थांबा. मी बघतो." तो आत गेला, दार लोटलं आणि भांडं भरून घेऊन आला. दूध बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोराच्या हाताला गुण हाय," ते मामींना म्हणाले. शनिवारी तेच, रविवारी तेच. काशीची सकाळची धारही आता गोठ्यातच, त्याच्याकडं आली. दार लोटलेलं. आमच्या भिंतीला मात्र दार नव्हतं. मेलेलं रेडकू दिवसातनं दोनदा रेकत होतं, भुकेनं, मधे हॉर्नसकट, आणि आमच्या घरात ते ऐकणारा मी एकटा होतो. आई म्हणाली, "दुसऱ्या म्हशीचं आसंल." दुसऱ्या म्हशीचं नव्हतं. मला कळत होतं.

सोमवार आला. मामांनी कॅन उपडा घातला, मामींना घेऊन स्टँडवर गेले, त्यांना बसमध्ये बसवलं आणि एकटेच परत आले. काशीला तसं टाकून त्यांचं पाऊल उचललं नसणार. घरात मात्र शिरले नाहीत. हात धारेला जाऊ नये म्हणून समोर बाळासोकाकांच्या कट्ट्यावर बसले. आठवडाभराच्या संशयानंतर त्या दोघांचा तो पहिला चहा. मी क्लासवरनं येत होतो. काकांनी मला बशीतला अर्धा चहा दिला.

"पिराजी, तुझं त्वांड असं व्हतं आठवडाभर," काकांनी गाल फुगवून दाखवले, "मला वाटलं पोलिसात देतोयस काय."

"चुकलं माझं."

"आं?"

"सोमवार हाय. खरंच सांगतोय."

काका खुश झाले. आणखी काय काय खरं काढून घ्यावं, या विचारात असतील, तेवढ्यात समोरच्या गोठ्यातनं आवाज आला.

"ॲंऽऽर्र…"

मामांच्या हातातली बशी थांबली.

"पीं-पीं-पॉंऽऽ…"

बाळासोकाका ताडकन उठले. "आयला, माझी रिक्षा कुणी चालू केली?" रिक्षा त्यांच्या समोर, बिनमाणसाची, सीटवर मांजर झोपलेलं. काकांनी रिक्षाकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. "हॉर्न माझा… आन् मी हितं?"

"ॲंऽऽर्र…"

मामा उठले. घाईनं नाही. आम्ही दोघं मागनं गेलो. मामांनी दार ढकललं.

आत काशी उभी होती, डोळे मिटलेले, कान पुढं. ऋतुदादा तिच्या पोटाला डोकं टेकून खाली बसला होता आणि भांड्यात सर्र सर्र चाललं होतं. तिच्या तोंडासमोर ते रिकामं दावं, आणि दाव्याला बांधलेला मोबाईल. तो रेकत होता. काशी मधूनच जीभ काढून त्याची काच चाटत होती. चाटून चाटून ती काच ओली झाली होती.

ऋतुदादानं वळून बघितलं. धार थांबली. मोबाईल थांबला नाही.

मामांनी दावं सोडलं, मोबाईल हातात घेतला. त्यांना तो बंद करता येत नव्हता. अंगठा कुठंतरी दाबत राहिले, रेडकू रेकत राहिलं. मग ते हौदापाशी गेले आणि त्यांनी तो पाण्यात सोडला. अगदी हळू, अंघोळ घालायला ठेवल्यासारखा. पाण्याखालनं अजून एकदा आवाज आला, बुडबुड्यांसारखा, हॉर्नपर्यंत. पुढचं आलं नाही.

"आबा, मी… आबा, मला वाटलं…"

"आज सोमवार हाय," मामा म्हणाले. "आज भांडण न्हाय. उद्या."

आणि जाऊन बाजल्यावर पडले.

तो सोमवार मला विसरता येत नाही. मामा ओरडले असते, मारलं असतं, तर गल्लीला बरं वाटलं असतं. ते नुसते आढ्याकडं बघत होते. संध्याकाळी मामी आल्या आणि चुलीला लागल्या. बाळासोकाकांनी रिक्षा ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि मग चालू केली. हॉर्न वाजवायची त्यांची हिंमत नव्हती. ऋतुदादा उंबऱ्यावर बसून होता. दिवेलागणीला मामींनी ताट वाढलं तेव्हा मामा त्याला मायेनं म्हणाले, "जेव पोटभर." त्या आवाजाची नक्कल मी अजून केलेली नाही. करता येईल, म्हणूनच नाही.

मंगळवारी सकाळी मामा स्वतः काशीखाली बसले. ज्या हातांना काशी कैक वर्षं ओळखत होती, त्या हातांना एक थेंब मिळाला नाही. तिचे कान इकडं तिकडं फिरत होते. दुसरं रेडकू लावलं, तिनं लाथ मारून लांब उडवलं. दुपारपर्यंत कास तटली, तापली. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "इंजेक्शन देतो आजच्यापुरतं. पण रोज द्यायची गोष्ट नव्हे ही. पान्हा सोडायला लावा, न्हायतर कासेला दगडी होईल, म्हैस हातची जाईल."

डॉक्टर गेले. गोठ्यात मामा, मामी, ऋतुदादा आणि दारात आम्ही गल्लीतले दोघं-चौघं.

"मोबाईल दुरुस्त करून आणतो," ऋतुदादा पुटपुटला.

"नगं," मामा म्हणाले. "तिचं रेडकू तू घेतलंस. आता रेडकू तू."

"म्हंजे?"

"रेक."

ऋतुदादानं आमच्याकडं बघितलं. कुणी हसलं नाही. त्यानं प्रयत्न केला. खरं सांगतो, वाईट होता. पत्र्याचं दार उघडल्यासारखा. काशीनं मान फिरवली.

तेव्हा मी पुढं झालो. "दादा, घशातनं न्हाय, नाकातनं काढ. आणि सुरुवातीला भूक पायजे. आधी भूक, मग र्र." मी एकदा काढून दाखवला. काशीचे कान पुढं आले आणि ती माझ्याकडं अशी वळली की मी दोन पावलं मागं सरलो. त्यानं परत केलं. परत. पाचव्या-सहाव्या वेळी बरोबर जमलं. मामींनी पदर तोंडाला लावला. काशी ऐकत होती, एकदम स्थिर, थांबून. पान्हा मात्र येईना. कशाची तरी वाट बघत होती.

"हॉर्न," मी म्हणालो.

"काय?"

"मधला हॉर्न राहिलाय."

दारातनं बाळासोकाकांनी कपाळाला हात लावला. पण मामांनी नुसतं बघितलं आणि ऋतुदादानं तोंडानं केलं. "ॲंऽऽर्र… पीं-पीं-पॉंऽऽ… ॲंऽऽर्र." शेवटचा पॉं सर्दी झाल्यासारखा. काशीचे डोळे मिटले. सडांतनं दूध आपोआप ठिबकायला लागलं. तिनं मान लांब केली आणि ऋतुदादाचं डोकं चाटायला सुरुवात केली. केस, कान, गाल. तो मागं सरला की ती पुढं.

"किती दिस, आबा?" त्यानं डोळे घट्ट मिटून विचारलं.

"ती आटंपातूर."

काशीचं दूध आता विकलं जात नाही. सगळं बाकीच्या रेडकांना जातं. ती बाळसेदार झाली आहेत. सोमवारी कॅन उपडा असतो. मामा-मामी कोडोलीला जात नाहीत. मामा बाजल्यावर आडवे होतात, पण पाठ टेकत नाही. आवाज झाला की कोपरावर उठतात, संपला की पडतात. आख्ख्या गोठ्यात सोमवारी सगळ्यांना सुट्टी आहे. एकट्या ऋतुदादाला नाही.

एकदा तो मित्राच्या लग्नाला म्हणून सांगलीला गेला. काशीनं दावं तोडलं आणि लस्सीच्या बंद शटरला डोकं घासत संध्याकाळपर्यंत रस्त्यात उभी राहिली. तेव्हापासून तो कुठं जात नाही. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. त्याचं 'विषय संपला' पण बंद झालं. फोनवर "हॅलो" म्हणतो तेव्हा त्याच्यात शेवटी एक छोटा र्र असतो. बाकी कुणाला ऐकू येत नाही, मला येतो. आणि काशी आटायची वेळ कधीच होऊन गेली. ती अजून आटलेली नाही. दूध वाढलंय.

मागच्या सोमवारी कबनूरहून पाहुणे आले, ऋतुदादाला बघायला. त्यांना तोच दिवस जमत होता. मुलीचे वडील यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेले, त्यामुळं शेजारी बसलेल्या माणसाशीही रस्त्यापलीकडचा असल्यासारखं बोलायचे. मामी मला पोह्यांच्या ताटल्या द्यायला घेऊन गेल्या होत्या. पाहुण्यांनी घर बघितलं, गोठा बाहेरनं बघितला, खुश झाले. मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "बरं, मुलगा कुठं हाय?"

मामी ताटलीकडं बघायला लागल्या. आणि मागनं आलं:

"ॲंऽऽर्र… पीं-पीं-पॉंऽऽ… ॲंऽऽर्र."

"आगायायाया!" पाहुणे मांडीवर थाप मारून हसले. "रेडकू लई मोठ्या घशाचं हाय की वो! किती म्हैन्याचं म्हणायचं?"

मामा बाजल्यावर कोपर टेकून उठले होते.

"चोवीस वर्साचं," ते म्हणाले. "त्योच मुलगा."

पाहुणे आणखी जोरात हसले. "पिराजीराव, लई बंडलबाज हाईसा!" त्यांनी हसत हसत मामांकडं बघितलं, मग मामींकडं, मग माझ्याकडं. आतनं काशीच्या जिभेचा आवाज येत होता, खरखर, खरखर. पाहुण्यांचं हसू कमी कमी होत गेलं. सोमवार होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.